निर्णय आणि निकाल



२०२० सालच्या नोव्हेंबरात तेल अवीव ते दुबई थेट विमाने सुरू झाली आणि आपल्या समाजातील बरीच मंडळी दुबई पाहून आली. आम्हीही ज्येष्ठांच्या एका सहलीबरोबर जाऊन आलो. बुर्ज खलिफा किती उंच आहे, सोन्याच्या बाजारात काय काय मिळते, हे सगळे आपण ऐकलेले आहे. त्यामुळे सहलीचे वर्णन आम्ही लिहीत नाही. देरा भागात खाडीच्या काठी चहा पिताना आमच्यात एक वाद झाला, त्याविषयी लिहावेसे वाटते.

वाद साधा होता. गाईडने सांगितले की ही खाडी गाळाने बुजत चालली होती, तेव्हा शासक शेख राशिद यांनी कर्ज काढून ती खोल केली आणि त्यातून आजची दुबई उभी राहिली. एक आजोबा म्हणाले, "याला म्हणतात मॅनेजर!" त्यावर दुसरे म्हणाले, "मग समुद्रात वाळू ओतून अर्धवट टाकलेली बेटं कोणी केली? तीही इथल्याच मॅनेजरांनी ना?" चहा संपला, वाद संपला नाही. बसमध्ये तो चालूच राहिला आणि पाहता पाहता दुबईवरून घरावर आला. कोणाच्या वडिलांनी मुंबईची खोली सोडून इस्राएलला यायचे ठरवले, ते बरोबर की चूक? कोणाच्या मुलाने बांधलेली नोकरी सोडून धंदा काढला, तो शहाणा की वेडा? सत्तरी ओलांडलेली माणसे साठ वर्षांपूर्वीच्या निर्णयांवर भांडत होती.

आमची सारी हयात शिकवण्यात गेली. गणिताच्या पेपरात एखादा मुलगा सगळी रीत बरोबर करतो आणि शेवटी आकडा उतरवताना चुकतो. दुसऱ्याची रीत पार चुकलेली असते, पण उत्तर नशिबाने बरोबर येते. चांगला शिक्षक पहिल्याला रीतीचे गुण देतो आणि दुसऱ्याला वर्गाबाहेर बोलावून विचारतो, "बाळ, हे उत्तर आलं कुठून?" मॅनेजरांच्या निर्णयांकडे मात्र आपण असे पाहत नाही. निकाल चांगला लागला की माणूस दूरदर्शी, वाईट लागला की मूर्ख. निर्णय आणि निकाल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी दुबईसारखी शाळा नाही, कारण तिथले निर्णय डोळ्यांना दिसतील एवढे मोठे आहेत.

पुस्तकातला मॅनेजर

हिब्रूत मॅनेजरला आपण 'मेनाहेल' म्हणतो आणि शाळेच्या मुख्याध्यापकालाही 'मेनाहेल'च म्हणतो. शब्दाच्या मुळाशी 'वाट दाखवत नेणे' हा अर्थ आहे. तेहिलीमच्या २३व्या अध्यायात मेंढपाळ कळपाला पाण्यापाशी नेतो, तिथे याच धातूचे रूप आले आहे. अरबीत मॅनेजरला 'मुदीर' म्हणतात आणि तोही शब्द मुख्याध्यापकाला चालतो. आपल्या मराठी 'निर्णय' शब्दातही 'नी' म्हणजे 'नेणे' हाच धातू आहे. तेव्हा निर्णय घेणे म्हणजे माणसांना कुठेतरी नेणे, हे हिब्रू आणि मराठी या दोन्ही भाषांना ठाऊक आहे.

हे नेणे कसे करावे, याची पुस्तकात एक ठराविक रीत दिलेली असते. आधी प्रश्न नीट मांडावा. मग तो सोडवण्याचे सर्व मार्ग लिहून काढावेत. प्रत्येक मार्गाने गेले तर काय होईल, त्याचा अंदाज घ्यावा. फायदा-तोटा तोलावा. सर्वांत चांगला मार्ग निवडावा, तो अमलात आणावा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासून पाहावा.

वाचायला सुंदर आहे. आता आपल्या इमारतीच्या वाअद बायितची सभा डोळ्यांसमोर आणा. जिन्यातला दिवा दुरुस्त करायचा की नवा बसवायचा, एवढा एकच प्रश्न. सर्व मार्ग कोणी लिहून काढतो का? एकजण म्हणतो, माझा मेव्हणा इलेक्ट्रिशियन आहे. दुसऱ्याला घरी जायची घाई असते. तिसरा म्हणतो, मागच्या वेळी माझे ऐकले नाही म्हणून ही पाळी आली. अर्ध्या तासाने काहीतरी ठरते.

अमेरिकेत हर्बर्ट सायमन नावाचे एक विद्वान होऊन गेले. त्यांनी १९४७ साली कारभाऱ्यांच्या वागण्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे की माणसाकडे वेळ थोडा, माहिती अर्धी आणि मेंदूची ताकदही मर्यादित. त्यामुळे तो सर्वांत चांगले शोधत बसत नाही. पुरेसे चांगले मिळाले की थांबतो. आपल्या आया भाऊच्या धक्क्यावर पापलेट घ्यायला जात, तेव्हा बाजारातला प्रत्येक पापलेट उचलून पाहत नसत. कल्ले लाल आहेत, मांस घट्ट आहे, भाव परवडतो, एवढे जमले की पिशवीत. कारण सगळे पापलेट पाहीपर्यंत हातातला शिळा व्हायचा. यात आळस नाही, शहाणपण आहे.

खुर्चीवरचा मॅनेजर

हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडाच्या अभ्यासकाने आणखी एक सोपी गोष्ट केली. मॅनेजर काय करतात हे त्यांना विचारण्याऐवजी तो पाच मोठ्या अधिकाऱ्यांच्या शेजारी एकेक आठवडा बसून राहिला आणि जे दिसले ते त्याने टिपून ठेवले. १९७३ साली त्याचे पुस्तक आले. त्या अधिकाऱ्यांची निम्मी कामे नऊ मिनिटांपेक्षा कमी वेळ चालणारी होती. फोन, निरोप, दारात उभा असलेला माणूस, पुन्हा फोन. शांत बसून मार्ग तोलायला सवड जवळजवळ नव्हतीच. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ज्यांनी ताटकळत दिवस काढले, त्यांना याचे नवल वाटणार नाही. पालक, शिपाई, तुटलेला नळ आणि इन्स्पेक्टर, सगळे एकाच तासात.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे. पुस्तकातली रीत जर प्रत्यक्षात कोणीच पूर्ण पाळत नाही, तर चांगला निर्णय आणि वाईट निर्णय यांतला फरक ओळखायचा कसा? यासाठी दुबईच्या खाडीकडे पुन्हा जाऊ.

गाळ आणि कर्ज

१९५० च्या दशकातली दुबई डोळ्यांपुढे आणा. तेल सापडलेले नव्हते. ते १९६६ साली सापडले. वीज, पाणी, रस्ते यांची वानवा होती. व्यवहार चाले तो आपल्या रुपयात. १९५९ पर्यंत भारताचा रुपया आणि त्यानंतर १९६६ पर्यंत रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला रुपया. गावाचे पोट खाडीवर होते. गलबते आत यायची, माल उतरायचा, त्यावर सगळे जगायचे. आणि त्या खाडीत गाळ साचत होता. शेजारच्या शारजाची खाडी अशीच उथळ होत चालली होती आणि तिथला व्यापार ढळत होता.

दुबईने ब्रिटनच्या हॅलक्रो या इंजिनिअर कंपनीकडून खाडीची पाहणी करून घेतली. मग कुवेतकडून कर्ज घेतले, गावातल्या व्यापाऱ्यांकडूनही रोखे देऊन पैसा उभा केला आणि १९६० च्या सुमारास खाडी खोल केली. गावाच्या उत्पन्नाच्या मानाने ते कर्ज फार मोठे होते.

इथे दहा मार्ग तोलत बसायला जागा नव्हती. खाडी गेली तर गाव गेले, हे उघड होते. पण तीन गोष्टी नजरेत भरतात. जाणकाराला आधी विचारले. ज्यांचे पोट त्या खाडीवर होते, त्या व्यापाऱ्यांचा पैसा त्यात गुंतला, म्हणजे नुकसान झाले असते तर तेही सोसणार होते. आणि शेजारच्या गावात काय झाले ते डोळे उघडे ठेवून पाहिले.

शेख राशिद यांची कामाची पद्धतही सांगण्यासारखी आहे. सकाळी लवकर निघून चालू असलेली बांधकामे ते स्वतः पाहत आणि मग मजलिसमध्ये बसत. मजलिस म्हणजे बैठक. व्यापारी, इंजिनिअर, तक्रार घेऊन आलेला साधा माणूस, सगळे तिथे येत. आपल्या जुन्या जमातीत मुकादम, चौघले आणि गबाई सिनेगॉगच्या ओट्यावर बसून ज्याचे त्याचे ऐकत आणि मग ठरवत, त्याची आठवण व्हावी. अर्थात मजलिसमध्ये शेवटचा शब्द शेखांचाच असे. ऐकणे आणि मत मोजणे यांत फरक आहे.

चार धक्क्यांचे सोळा आणि मग साठ

खाडी झाल्यावर मोठ्या जहाजांसाठी बंदर हवे होते. १९६७ साली पोर्ट राशिदचे काम हाती घेतले. योजना चार धक्क्यांची होती. पण काम चालू असतानाच जहाजांची गर्दी वाढू लागली, तेव्हा योजना बदलली आणि १९७२ साली बंदर उघडले ते सोळा धक्क्यांसह. पुस्तकात 'अंमलबजावणी' आणि 'पुन्हा तपासणी' अशा दोन वेगळ्या पायऱ्या असतात. इथे दोन्ही एकदम चालल्या होत्या. बंदर बांधता बांधताच हिशेब पुन्हा केला.

आणि मग आला सर्वांत अवघड निर्णय. पोर्ट राशिद होऊन चार वर्षेही धड झाली नव्हती, तोच १९७६ मध्ये शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर, निर्मनुष्य वाळवंटात, जबल अली येथे त्याहून कितीतरी मोठे बंदर बांधायचे ठरले. साठाहून अधिक धक्के! पुष्कळांना हे वेड वाटले. १९७९ साली इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या हस्ते उद्घाटन झाले. पुढची काही वर्षे बंदर बरेचसे रिकामे असायचे.

वाचकहो, आता जरा थांबा. समजा आपल्या सहलीची बस १९८२ साली जबल अलीला गेली असती. आपण सगळे काय म्हणालो असतो? पैसा पाण्यात घातला! १९८५ साली तिथे मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले. परदेशी कंपन्यांना पूर्ण मालकी मिळू लागली, गोदामे आली, कारखाने आले आणि बंदर भरत गेले. आज जगातल्या गजबजलेल्या कंटेनर बंदरांत त्याचे नाव आहे. ते चालवणारी डीपी वर्ल्ड कंपनी आपल्या उरणजवळ न्हावा-शेवा येथेही टर्मिनल चालवते.

निर्णय एकच. १९८२ मध्ये त्याचा निकाल नापास, २००२ मध्ये पहिला वर्ग. मग तो शहाणपणाचा होता की वेडेपणाचा? निकालावरून ठरवायचे तर कोणत्या वर्षीचा निकाल धरायचा? आमचे उत्तर असे आहे की नुसत्या धाडसाने ते बंदर भरले नसते. बंदर रिकामे राहते आहे हे पाहिल्यावर ते कसे भरेल याचा दुसरा निर्णय घेतला गेला, म्हणून पहिला तरला.

भाड्याची दोन विमाने

आता एक छोटी सुरुवात पाहू. १९८० च्या दशकात आखातातील गल्फ एअर या विमान कंपनीने दुबईच्या फेऱ्या कमी केल्या. दुबईचे धोरण असे की ज्याला यायचे त्या कंपनीने विमान आणावे, आकाश सर्वांना खुले. ते धोरण बदलायचे नाही आणि फेऱ्याही हव्यात, तर काय करावे? स्वतःची विमान कंपनी काढायचे ठरले. मॉरिस फ्लॅनगन या ब्रिटिश अधिकाऱ्यावर काम सोपवले, एक कोटी डॉलर भांडवल दिले आणि जवळपास पाच महिन्यांची मुदत दिली. अट अशी की पुन्हा सरकारपुढे हात पसरायचा नाही आणि आकाश सर्वांना खुलेच राहील.

एमिरेट्सने विमाने विकत घेतली नाहीत. पाकिस्तानच्या विमान कंपनीकडून दोन भाड्याने घेतली. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी पहिले विमान कराचीला गेले. सुरुवातीच्या ठिकाणांत मुंबई आणि दिल्लीही होती.

हा निर्णय आम्हाला फार शिकवून जातो. भाड्याची विमाने परत करता येतात. म्हणजे फसले असते तर मागे फिरायला वाट होती. आणि ठिकाणे निवडली ती अशी, जिथे जाणारी माणसे दुबईत आधीच राहत होती. आपल्या मराठी माणसांचेही असेच एक उदाहरण दुबईत आहे. १९८४ साली महादेव दातार यांनी तिथे किराणा मालाचे छोटे दुकान उघडले. पुढे त्यांचे चिरंजीव धनंजय दातार यांनी 'अल आदिल' नावाने दुकानांची मोठी साखळी उभारली. आमच्या सहलीतल्या बायकांनी तिथून मसाले आणि कोकम आणले. आधी एक दुकान, गिऱ्हाईक काय मागते ते पाहायचे, मग दुसरे. एका दुकानात चुकले तर माणूस उठून उभा राहू शकतो.

समुद्रातल्या खजुरी

आता त्या दुसऱ्या आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. २००१ साली पाम जुमेरा या खजुरीच्या झाडाच्या आकाराच्या बेटाचे काम सुरू झाले. समुद्रतळाची वाळू उपसून बेट केले, त्यावर घरे झाली, माणसे राहायला आली. घरांना मागणी होती, भाव चढत होते. मग नखील या कंपनीने आणखी दोन, त्याहून मोठी बेटे जाहीर केली, एक जबल अलीजवळ आणि एक देरासमोर. नखील या अरबी शब्दाचा अर्थच खजुरीची झाडे. पैसा बराचसा कर्जाचा होता.

२००८ साली अमेरिकेतून सुरू झालेले आर्थिक संकट जगभर पसरले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी नखीलची पालक कंपनी दुबई वर्ल्ड हिने कर्जदात्यांना सांगितले की हप्ते भरायला आम्हाला सवड द्या. १४ डिसेंबरला शेजारच्या अबुधाबीने १,००० कोटी डॉलर पुढे केले, तेव्हा निभावले. तीनच आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१० रोजी, ८२८ मीटर उंच बुर्ज दुबईचे उद्घाटन झाले आणि त्याच समारंभात त्याचे नाव बुर्ज खलिफा असे जाहीर झाले. शेख खलिफा हे अबुधाबीचे शासक आणि देशाचे अध्यक्ष होते.

कामे थांबली तेव्हा सर्वांत आधी घरी कोण गेले? भारतातून, बांगलादेशातून, पाकिस्तानातून आलेले मजूर. ज्यांनी दलालाला पैसे देण्यासाठी गावी कर्ज काढले होते, त्यांच्या हातात परतीचे तिकीट आले. खाडीच्या कामात रोखे घेणारे व्यापारी स्वतः जोखमीत होते. इथे निर्णय एकाचा आणि भोग दुसऱ्याचा झाला. कोणत्याही निर्णयाची परीक्षा करताना हा प्रश्न विचारावा, असे आम्हाला वाटते: चुकले तर सोसणार कोण, आणि त्याला विचारले होते का?

तरी इथेही निकाल अजून लागायचाच आहे. देरासमोरच्या बेटांचा आराखडा बदलून त्यांना दुबई आयलंड्स असे नाव दिले गेले आणि जबल अलीच्या पामचे काम २०२३ मध्ये नव्याने जाहीर झाले. वीस वर्षांनी कदाचित कोणी म्हणेल, काय दूरदृष्टी होती!

अनुभव कधी खरा ठरतो

मग जबल अलीचा आणि बेटांचा निर्णय, दोघांत फरक काहीच नाही का? आहे, आणि तो समजायला आपल्याच देशातले दोन विद्वान मदतीला येतात. डॅनियल कानेमन यांचा जन्म १९३४ साली तेल अवीवमध्ये झाला, आमोस त्वेर्स्की यांचा १९३७ साली हैफात. दोघांनी यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठात मिळून काम केले. माणूस निर्णय घेताना नेमका कुठे घसरतो, हे त्यांनी छोट्या छोट्या प्रश्नांतून दाखवले. त्वेर्स्की १९९६ मध्ये वारले. कानेमन यांना २००२ साली नोबेल मिळाले.

त्यांच्याउलट गॅरी क्लाइन हे अमेरिकन अभ्यासक आग विझवणाऱ्या दलांच्या प्रमुखांकडे गेले. ते प्रमुख मार्ग तोलत नसत. आग पाहताच त्यांना काय करायचे ते कळे, कारण तशी आग त्यांनी पूर्वी पाहिलेली असे. म्हणजे मनाचा कौल खरा ठरतो! कानेमन म्हणत, मनाचा कौल फसवतो. दोघे एकत्र बसले आणि २००९ साली, म्हणजे दुबईचे संकट आले त्याच वर्षी, त्यांनी मिळून एक निबंध लिहिला. त्यांचे एकमत असे झाले: जिथे गोष्टी पुन्हा पुन्हा त्याच रीतीने घडतात आणि चूक-बरोबर लगेच कळते, तिथे अनुभवी माणसाच्या मनाचा कौल मानावा. जिथे तसे नसते, तिथे कितीही मोठा माणूस असो, सावध राहावे.

हे दुबईला लावून पाहा. गलबते, जहाजे, धक्के यांचा व्यापार दुबई पिढ्यान् पिढ्या करत होती. आज किती जहाजे आली, किती खोळंबली, हे रोज संध्याकाळी कळत होते. जबल अलीमागे असा पाठ केलेला धडा होता. समुद्रात बेट बांधून विकण्याचा असा जुना अनुभव दुबईला नव्हता. आणि भाव चढत असतात तेव्हा प्रत्येक निर्णय बरोबरच वाटतो. चुकीला शिक्षा होते ती काही वर्षांनी, एकदम. असा शिक्षक वाईट; वर्षभर शाबासकी देतो आणि शेवटी नापास करतो.

कानेमन यांनी स्वतःवर बेतलेली एक गोष्ट सांगितली आहे. इस्राएलमधल्या शाळांसाठी, निर्णय कसा घ्यावा याच विषयाचे पाठ्यपुस्तक लिहायला एक मंडळ नेमले होते. वर्षभर काम झाल्यावर प्रत्येकाने लिहून दिले की काम संपायला आणखी साधारण दोन वर्षे लागतील. मंडळात सेमूर फॉक्स नावाचे अभ्यासक्रमाचे तज्ज्ञ होते. कानेमन यांनी त्यांना विचारले, अशी दुसरी मंडळे तुम्ही पाहिली आहेत, त्यांना किती वेळ लागला? फॉक्स गप्प झाले. मग म्हणाले की शेकडा चाळीस मंडळांचे काम पूर्णच झाले नाही आणि ज्यांचे झाले त्यांना सात ते दहा वर्षे लागली. गंमत अशी की त्यांनी स्वतःही दोनच वर्षांचा अंदाज लिहिला होता! हे कळल्यावरही मंडळाने काम सोडले नाही. पुस्तक आठ वर्षांनी पुरे झाले आणि तोवर शिक्षण खात्याचा उत्साह मावळला होता. ते वर्गात कधी वापरलेच गेले नाही. निर्णयशास्त्राच्या पंडितांची ही कथा, तिथे वाअद बायितचे काय घेऊन बसलात?

धडा हा की आपल्या कामाकडे बाहेरच्या नजरेने पाहणारा कोणीतरी हवा. मोशे रब्बेनू सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटे न्यायनिवाडा करत बसत, हे चूक आहे असे त्यांना कोणी सांगितले? त्यांच्याबरोबर मिसरातून निघालेल्यांपैकी कोणी नाही. मिद्यानहून आलेल्या सासऱ्याने, यित्रोने. आणि मोशेंनी ते ऐकले.

आपल्या घरी

आपण कोणी आता बंदर बांधणार नाही. पण घर विकून मुलाजवळ राहायला जावे का, वृद्धाश्रमात नाव घालावे का, गुडघ्याचे ऑपरेशन करावे का, सिनेगॉगच्या सभागृहाचे काय करावे, हे निर्णय आपल्यापुढे आहेत. त्यांना दुबईची रीत लावता येते. ज्यांनी हे आधी केले, त्यांना काय आले ते विचारावे. निदान सुरुवातीला भाड्याचे विमान घ्यावे, म्हणजे घर विकण्याआधी तीन महिने मुलाकडे राहून पाहावे. चुकले तर कोण सोसेल, त्याला आधी विचारावे. आणि आणखी एक काम शिक्षक म्हणून सांगतो: निर्णय घेतला त्या दिवशीच, तारीख घालून, का घेतला ते वहीत चार ओळी लिहून ठेवा. निकाल लागल्यावर लिहू नका. तेव्हा आपली आठवण निकालाच्या बाजूने साक्ष देते.

आमचे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते. आम्ही अकरावी झालो आणि त्यांनी इस्राएलला यायचे ठरवले. आज आम्ही भावंडे भेटलो की ती परळची खोली निघते. आता तिची किंमत कोटीत असती, म्हणून धाकटा हळहळतो. थोरल्या बहिणीला वाळवंटातल्या गावातली ती पहिली दोन वर्षे आठवतात. वडील असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे. त्यांनी वही लिहिली नव्हती.

पण दुबईहून परतल्यावर आम्ही जुनी ट्रंक उघडली. तिच्यात बेर शेवाहून काकांनी वडिलांना धाडलेली हवाई डाकेची पाच निळी पत्रे सापडली. वडिलांनी काय काय विचारले होते ते काकांच्या उत्तरांवरून कळते. कारखान्यात मराठी बोलणारे किती? मुलींच्या शाळेचे काय? आईच्या दम्याला तिथली हवा मानवेल का? आणि पाचव्या पत्रात काकांनी लिहिले आहे की खोली एवढ्यात सोडू नकोस, वर्षभर चुलत भावाच्या ताब्यात ठेव, मग पाहू. तसेच वडिलांनी केले होते. हे आम्हाला माहीतच नव्हते.

पुढच्या शब्बाथला भावंडे जेवायला येणार आहेत. ती पत्रे आम्ही टेबलावर ठेवणार आहोत.